खंजिराचं गाव

फ्रान्स, खाणकामगारांची वस्ती
३ फेब्रुवारी १९६९

लल्ला कुलतूमा,

तुझ्या धाकट्या भावाचा, बेलाईदचा सलाम. मी बरा आहे. तू बरी असशील, दुकान आणि भट्टी नीट चालत असेल. चार महिने पत्र नाही म्हणून शिव्या देशीलच. त्या घरी आल्यावर एकदम खाईन. आज कामासाठी लिहितोय.

बराकीत माझ्या शेजारच्या खाटेवर एक माणूस होता. हुसैन बूफूस. तीन वर्षं आम्ही एका पाळीत, एका बोगद्यात काम केलं. ११ जानेवारीला तो वारला. छातीत ताप उतरला होता. अल्लाची मर्जी. आम्ही सात जणांनी नमाज पढून त्याला इथल्याच दफनभूमीत ठेवलं आणि फळीवर नाव लिहिलं. ऑफिसने त्याच्या घरच्या पत्त्यावर, इनेझगानला, पत्र पाठवलं.

परवा उत्तर आलं. “हुसैन बूफूस मीच. मी जिवंत आहे आणि माझं तेलाचं दुकान आहे. कृपा करून मला मेलेला समजू नये.”

आम्ही सगळे खुळ्यासारखे एकमेकांकडे बघत राहिलो. भरतीच्या दिवशी छातीवर निवडीचा हिरवा शिक्का बसला तेव्हा ह्या तेलवाल्या हुसैनचा धीरच सुटला म्हणे. फाटकाबाहेर नकाराचा लाल शिक्का बसलेला एक जण डोकं धरून बसला होता. ह्याने आपलं कार्ड त्याच्या हातात कोंबलं आणि घर गाठलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

म्हणजे लल्ला, आम्ही पुरलेला माणूस कोण ते आम्हाला ठाऊक नाही. बोलण्यावरून डोंगराकडचा, एवढंच. गावाचं नाव त्याने कधी काढलं नाही. एकदा मी फार खनपटीला बसलो तर म्हणाला, “खरं नाव एकदा तोंडातून निघालं की तोंडाला सवय लागते.” मला वाटलं थट्टा करतोय.

आता कामाचं. त्याच्या गादीखाली बायकांच्या डोक्याला बांधायच्या फडक्यात गुंडाळलेला एक खंजीर मिळाला. जुना, वाकडा, चांदीच्या म्यानाचा, फार सुंदर. ऑफिसला कळू न देता मी तो माझ्याकडे ठेवलाय. बाकी त्याच्या सामानात दोन शर्ट, एक कंगवा आणि बूट. त्याचं घर कुठलं ते सांगेल तर हा खंजीरच. तू चांदीत वाढलीस, तुझा नवरा उस्तादांचा उस्ताद होता. सांग, हा कुठला?

त्याची कोणीतरी वाट बघत असेल. मला चैन पडत नाही.

तुझा बेलाईद

---

तिझ्नीत
२१ फेब्रुवारी १९६९

बेलाईद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या परक्या जिवाला अल्ला जागा देवो.

आता तुझी अक्कल. ‘जुना, वाकडा, चांदीचा, सुंदर.’ अरे बाबा, ह्या गावात माझ्या दुकानाच्या उंबऱ्यावर उभं राहून दगड मारला तर तो जुन्या, वाकड्या, चांदीच्या आणि सुंदर खंजिरावरच पडेल. हरवलेल्या बकरीला चार पाय होते असं सांगून बकरी सापडते का? बाबांनी तुला आणि मला एकाच पाटीवर अक्षरं शिकवली. तू नुसती अक्षरंच शिकलास.

नीट बघ आणि लिही. मूठ लाकडाची, शिंगाची की हाडाची? मुठीचं टोक मोरासारखं पसरलंय की टोपीसारखं बसलंय? म्यानाची पुढची बाजू चांदीची आहे, पण मागची? श्रीमंताच्या खंजिराला मागेही चांदी असते, बाकीच्यांना पितळ. नक्षी ठोकून उठवलेली की छिन्नीने कोरलेली? मीना आहे का, हिरवा, पिवळा? खांद्यावरची दोरी ओवायच्या कड्या दोन्ही सारख्या आहेत का? पात्यावर काही अक्षरं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. म्यानावर पातळ कागद ठेव आणि वरून कोळसा घास. नक्षी जशीच्या तशी कागदावर उतरेल. कोळसा तरी मिळेल ना रे तुला तिथे?

एक विचारायचं राहिलं. तो किती दिवस आजारी होता? डॉक्टर काय म्हणाला? माणूस तू दोन ओळींत संपवलास. असं तू लहानपणी मडकं फोडल्यावर बोलायचास.

लल्ला

---

फ्रान्स
९ मार्च १९६९

लल्ला,

सोबत सहा कागद आहेत. तीन पुढच्या बाजूचे, दोन मागचे, एक मुठीचा. पहिले दोन बिघडले म्हणून पुन्हा केले. घासताना सगळी बराक भोवती जमली. जो तो आपलंच गाव सांगत होता. एक म्हणाला हा मर्राकेशचा, दुसरा म्हणाला माझ्या आजोबांकडे अगदी असाच होता. आजोबांकडे बोकडसुद्धा नसेल.

मूठ गडद लाकडाची, वर मोरासारखी पसरलेली, तिच्यावर चांदीचा पत्रा. म्यानाच्या मागे पितळ. नक्षी कोरलेली, वेलबुट्टी, खोल भागात काळं भरलेलं. मीना नाही. कड्या सारख्या नाहीत: उजवी झिजून तारेसारखी झालीय, डावी जाड आणि नंतरची वाटते. पात्यावर परदेशी अक्षरं होती, आता फक्त एक मुकुटासारखं चिन्ह आणि अर्धा आकडा दिसतो. पातं इतक्यांदा पाजळलंय की म्यानात सैल बसतं. हलवलं की आत खुळखुळतं.

त्याच्या खाटेवर आता नवा माणूस आलाय, अगादीरकडचा. चांगला आहे. घोरतो. मला झोप लागत नाही ती त्याच्यामुळे नाही.

लवकर लिही. टपाल पंधरा दिवस घेतं, त्यात तू पंधरा दिवस घेऊ नकोस.

बेलाईद

---

तिझ्नीत
३० मार्च १९६९

बेलाईद,

पंधरा नाही, सहा दिवस घेतले, आणि त्यातले चार उस्ताद बूजमाने खाल्ले. समोरच्या दुकानातला रे, ज्याला विचारण्याआधीच उत्तर माहीत असतं. त्याने कागद उजेडाला धरला, दाढी खाजवली आणि म्हणाला, “फेझचं काम. सुलतानाच्या कारखान्यातलं.” मी म्हटलं, सुलतानाच्या कारखान्यात मागे पितळ लावायचे? तर म्हणाला, “सुलतानसुद्धा काटकसर करतो, बाई.” तरी त्याचा मान ठेवून मी चार दिवस फेझच्या माणसांना विचारत फिरले. सगळ्यांनी मान हलवली. हे काम शहराचं नाहीच म्हणाले.

पाचव्या दिवशी कागद दुकानात उलटा पडला होता. टोक वर, मूठ खाली. आणि मला ते पान दिसलं.

वेलाला एकूण अकरा पानं आहेत. दहांमध्ये शिरा कोरल्यात, काळं भरलंय. अगदी टोकाजवळचं अकरावं पान कोरं. तू म्हणशील झिजलं असेल. झिजलेल्या पानाची कड बोथट होते; ह्याची कड धारदार उमटलीय. मुद्दाम कोरं सोडलंय.

असं करणारं एकच घर मला माहीत आहे. याकू सोनार, यहुदी, आता सहा वर्षं झाली सगळं कुटुंब देश सोडून गेलं. तुझा मेहुणा मूलूद तरुणपणी त्यांच्याकडेच हात शिकला. याकू म्हणायचा, सगळं काम पुरं करणारा एकच, आपण एक पान त्याच्यासाठी ठेवायचं. पण याकूच्या पानाला पाच शिरा असायच्या. ह्यातल्या कोरलेल्या पानांना सात आहेत. सात शिरा त्याचा बाप कोरायचा. म्हणजे म्यान ऐंशी वर्षांचं तरी आहे, आणि पातं त्याहून जुनं, कुठल्यातरी परदेशी तलवारीतून कापलेलं.

असा खंजीर बाजारात विकत मिळत नाही, बेलाईद. घरात जन्मतो आणि बापाकडून मुलाकडे जातो. तुझ्या त्या मित्राचं घर आहे, आणि जुनं घर आहे.

याकूचा बाप गाढवावर भट्टी लादून तागदिर्तच्या खोऱ्यात फिरायचा. तिथे तीन गावं आहेत. तीनही गावं विचारली असती, पण ती डावी कडी आहे ना. तिच्या मुळाशी डाकाचा छोटा उंचवटा उमटलाय, मसुराच्या दाण्याएवढा. चांगला कारागीर तो घासून टाकतो. एकच माणूस तो ठेवायचा, म्हणायचा, “राहू दे, कडी तुटली तर तिथून तुटणार नाही.” मी त्याच्याशी बावीस वर्षं त्यावरून भांडले. कागदावर बोट ठेवून मी बराच वेळ बसून होते. उस्ताद बूजमाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, नवरा भेटला.

मूलूदने त्या खोऱ्यात एकच उन्हाळा काम केलं, आमच्या लग्नाच्या आधी. अनामेर गावात.

लग्नसराईचं काम हातावेगळं झालं की मेच्या सुरुवातीला जाते. बस खोऱ्याच्या तोंडापर्यंत जाते, पुढे खेचर बघेन.

डॉक्टरचं तू सांगितलं नाहीस.

लल्ला

---

फ्रान्स
२७ एप्रिल १९६९

लल्ला,

अनामेर. मी हे नाव मोठ्याने म्हणून बघतो. त्याच्या तोंडून कधी ऐकल्यासारखं वाटत नाही, पण एकदा बोगद्यात पाणी झिरपत होतं तेव्हा तो म्हणाला होता, आमच्याकडे बदामाला फुलं आली की सगळा डोंगर बहिरा होतो. मी म्हटलं डोंगर कसा बहिरा होईल? म्हणाला, मधमाश्यांमुळे.

गेलीस का? गेली असशील तर लिही. नसशील तर जा. लग्नं काय, होतच असतात. माझ्या हातून परवा लाकडाचा टेकू निसटला, थोडक्यात निभावलं. मुकादम म्हणाला, डोकं कुठे असतं तुझं? काय सांगू, अनामेरला?

फडकंही तसंच ठेवलंय. त्याला अजून धुराचा वास येतो, आपल्याकडच्या चुलीचा.

बेलाईद

---

तिझ्नीत
१२ मे १९६९

बेलाईद,

अनामेरला जाऊन आले. वीसेक घरं आहेत. मशिदीजवळ बसलेल्या पुरुषांना कागद दाखवला. कोणी ओळखला नाही.

मला वाटतं माझाच अंदाज चुकला. जुनी चांदी हात बदलते, खोरी बदलते. खंजीर तू जपून ठेव, किंवा तिथल्या मशिदीत दे. त्याच्यासाठी दुआ कर. ह्यापुढे शोधू नकोस.

बदाम पाठवते आहे.

लल्ला

---

फ्रान्स
२८ मे १९६९

लल्ला,

तुझ्या पत्रात एक शिवी नाही. उस्ताद बूजमाला टोमणा नाही. मी बदाम खाल्ले नाहीत. तू खोटं बोलते आहेस, आणि तुला ते जमत नाही.

पण खोटं बोलायला तू माझ्याकडूनच शिकलीस, तेव्हा आधी माझं ऐक. तू दोनदा डॉक्टरचं विचारलंस.

डिसेंबरच्या शेवटी त्याला ताप यायला लागला. तो म्हणाला, डॉक्टरकडे जातो. मी अडवलं. त्याच महिन्यात दुसऱ्या बराकीतल्या एकाचा कार्डावरचा फोटो कोणीतरी नीट बघितला होता आणि तिसऱ्या दिवशी त्याला घरी धाडलं होतं. ह्याच्या कार्डावरचा फोटो त्याचा नाही, हे मी पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. नाव खोटं आहे हे मला ठाऊक होतं, लल्ला. पहिल्या पत्रात मी खुळ्यासारखं बघत राहिलो असं लिहिलं, ते सोंग होतं.

मी त्याला म्हटलं, “वेडा आहेस का? डॉक्टर आधी फोटो बघेल आणि मग जीभ. दोन दिवस कळ काढ, उतरेल.” कांद्याचा शेक दिला. जिऱ्याचं पाणी दिलं. त्याच्या वाटचं खोदकाम मी केलं, म्हणजे कोणाला कळू नये. दोनाचे अकरा दिवस झाले. तो एकदाही म्हणाला नाही की मला जाऊ दे. माझ्यावर विश्वास टाकून पडून राहिला. रक्त पडलं तेव्हा मीच त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरने फोटो बघितलासुद्धा नाही. त्याने फक्त मला विचारलं, “इतके दिवस कुठे होतात?”

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. खंजिराचं गाव शोधतोय ते पुण्य म्हणून नाही. त्याच्या घरच्यांसमोर उभं राहून हे सांगितल्याशिवाय मला श्वास पुरा घेता येत नाही.

आता तू सांग. अनामेरला काय झालं?

बेलाईद

---

तिझ्नीत
१६ जून १९६९

माझ्या बेलाईद,

तुझं पत्र वाचून आधी तुला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं, मग तुझं डोकं मांडीवर घ्यावं असं वाटलं. दोन्हींना हात पोचत नाही. म्हणून जे झालं ते सांगते, काही न लपवता.

मेमध्ये पुरुषांनी कागद ओळखला नाही असं मी लिहिलं. खरं म्हणजे एकाने ओळखला होता. त्याने बघितला, दुसऱ्याकडे बघितलं आणि दोघे उठून गेले. मी विहिरीवर पाणी प्यायला थांबले. तिथे एक बाई होती, साठीची, वाळलेली. मी तिला कागद दाखवला. तिने तो हातात घेतला नाही. फक्त बोटं टेकवली, वेलावरून हळूहळू खाली नेली आणि त्या कोऱ्या पानावर थांबवली. मी पानाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बोटं काळी झाली. ती पुसायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

“कोणाचा?” मी विचारलं.

“आमचा नाही,” ती म्हणाली. मग माझ्या हाताला धरून म्हणाली, “बाई, तुम्ही जे सांगायला आलात ना, ते सांगू नका. मी तुमच्या पाया पडते. दोन वर्षांपूर्वी एका ट्रकवाल्याने निरोप आणला होता, बरा आहे म्हणून. तो निरोप मला पुरतोय.”

मी काय करणार होते? परत आले आणि तुला खोटं लिहिलं. महिनाभर त्या बाईची बोटं माझ्या डोळ्यांपुढून हलली नाहीत.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात, गुरुवारी, बाजाराच्या बसमधून ती उतरली आणि विचारत विचारत माझ्या दुकानाशी आली. बसली नाही. दारातूनच म्हणाली, “मेला ना?”

मी हो म्हटलं.

तेव्हा ती खाली बसली. रडली नाही. मी चहा केला, तो थंड झाला. मग तिने सांगितलं. तिचं नाव तूदा. नवरा हमू, अनामेरचा जुना माणूस, ज्याच्या शब्दावर गावात पाण्याची पाळी ठरते. मुलगा एकच राहिला. चार वर्षांपूर्वी तो कासाब्लांकाला जातो म्हणून गेला आणि त्याच दिवशी भिंतीवरचा खंजीर गेला. हमू सगळ्या गावासमोर म्हणाला, “खंजीर माझ्यामागे त्याचाच होता. बाप जिवंत असताना उचलला, म्हणजे त्याने मला मेलेला धरलं. आता मीही त्याला मेलेला धरतो.” त्या दिवसापासून त्या घरात मुलाचं नाव घेतलेलं नाही.

“आणि त्याने चोरलाच नव्हता,” तूदा म्हणाली. “मी दिला.”

मी विचारलं, का?

“तो मला एकटीला सांगून गेला. म्हणाला, आई, हिरवा शिक्का बसला नाही पण कागद मिळालाय, दुसऱ्याच्या नावाचा. मी म्हटलं, अरे, परक्या नावाने परक्या मुलखात काही बरंवाईट झालं तर तू कोणाचा ते कोणाला कळणार? म्हातारा मशिदीत गेला होता. मी खंजीर काढला, डोक्याचं फडकं सोडून त्यात बांधला आणि म्हटलं, कागद त्यांचा राहू दे, हे तुझं नाव.”

बेलाईद, मी तीस वर्षं ह्या धंद्यात आहे. खंजीर म्हणजे शोभा, लग्नात मिरवायची वस्तू, एवढंच मला ठाऊक होतं. त्या बाईला लिहिता येत नाही. तिने आपल्या मुलाला ओळखपत्र दिलं आणि ते चाललं बघ. पण चार वर्षं ती नवऱ्यापुढे गप्प राहिली आणि मुलगा चोर ठरला. “आज सांगेन, उद्या सांगेन,” म्हणाली. “वाटायचं, तो परत येईल तेव्हा एकदमच सांगेन.”

मी तिच्याबरोबर गेले. एकटीला पाठवलं असतं तर ती पुन्हा विहिरीवरूनच परतली असती.

हमू अंगणात बदाम फोडत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि डोकं उघडं करून म्हणाली, “खंजीर मी दिला होता. माझा मुलगा चोर नव्हता. तो वारला. आता मला जे बोलायचं ते बोल.”

त्याने हातातला दगड खाली ठेवला, उठला आणि खालच्या वाफ्यांकडे चालत गेला. आम्ही दोघी तिथेच. ऊन उतरलं तरी येईना. मी म्हटलं, बघून येते. तूदा म्हणाली, “नको. तिथे बांध ढासळलाय, त्याचे दगड लावत असेल. त्याला रडायचं असलं की तो दगड लावतो.”

संध्याकाळच्या नमाजाला आला. हाताची बोटं सोललेली. मला म्हणाला, “तुम्हाला लिहिता येतं?” मी हो म्हटलं. “मग लिहा.” आणि त्याने मुलाचं नाव सांगितलं, बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं, गावाचं. मी लिहिलं. “वाचा.” मी वाचलं. “पुन्हा वाचा.” तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाचताना तूदा दारात तोंडात पदर कोंबून उभी होती. म्हणाला, “आधीची दोन पाळण्यातच गेली, म्हणून ह्याचं नाव ठेवताना मी मुद्दाम हे ठेवलं. जगेल तो, असा अर्थ. तुमच्या भावाला सांगा, फळीवर नीट लिही.”

नाव असं आहे:

यिद्दिर, हमूचा मुलगा, बेल्लाचा नातू, उशनचा पणतू, अनामेर.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. माफ कर, पण तुझ्या वतीने दुसरं खोटं बोलायला माझ्यात बळ नव्हतं. डॉक्टरचा भाग आला तेव्हा मी थांबले, हमू म्हणाला, “वाचा.” पुरं झाल्यावर तूदाने एकच विचारलं, “त्याला पाठीवर घेऊन गेला तो हाच का?” मी हो म्हटलं.

हमू म्हणाला, “माफ केलं असं मी म्हणणार नाही. तेवढं माझं काळीज मोठं नाही. खंजीर टपालाने पाठवायचा नाही. त्याला म्हणावं, स्वतः घेऊन ये आणि जे बाईकडून वाचून घेतलं ते माझ्या तोंडावर सांग.”

बाकी तुझं तू ठरव.

लल्ला

---

फ्रान्स
६ जुलै १९६९

लल्ला,

ऑफिसमध्ये गेलो होतो. साहेब म्हणाला, कागदपत्रं आल्याशिवाय वहीतलं नाव बदलणार नाही. मी म्हटलं, वही तुमची, फळी आमची. ओकची नवी फळी घेतली, आम्ही सहा जणांनी जुनी उपटली आणि नवी रोवली. अक्षरं मी कोरली. दोन दिवस लागले. ‘उशन’चा ‘उ’ जरा वाकडा झालाय, तुझ्या डोळ्याला खटकेल. इनेझगानच्या हुसैनला कळवलंय की तो आता पूर्ण जिवंत आहे. त्याने उलट टपाली लिहिलं की तो अनामेरला तेलाचे दोन डबे पाठवतोय, कोणी विचारलं तर नाव सांगू नये.

मला ऑगस्टची रजा मिळाली. एक तारखेला निघतो.

माफ करणार नाही म्हणाले हे मला नीट वाटलं. माफ केलं म्हणाले असते तर मी कदाचित आलो नसतो, खंजीर तुझ्याकडे पाठवून मोकळा झालो असतो. आता सुटका नाही. रोज बोगद्यात उतरताना मला भीती वाटत नाही, आणि एका म्हाताऱ्याच्या अंगणाची वाटतेय.

बेलाईद

---

अनामेर
२५ ऑगस्ट १९६९

लल्ला,

मी चार दिवसांत तिझ्नीतला परत येतो म्हणून निघालो होतो, आज अठरावा दिवस. काळजी करू नकोस. हे पत्र बसवाल्याच्या हाती देतोय.

पोचलो तेव्हा दादा हमू अंगणातच होते. नाव सांगितलं. त्यांनी आधी खंजीर मागितला नाही. “बस आणि सांग,” म्हणाले. मी सांगितलं. ताप कधी आला, मी काय म्हटलं, तो काय म्हणाला, कांद्याचा शेक, अकरा दिवस, सगळं. काही ठिकाणी थांबलो तर नुसते बघत राहायचे, की पुढे चालू लागायचं. सांगून झालं तेव्हा माझी पाठ भिजून गेली होती. ते म्हणाले, “तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच सांगितलं असतं. म्हणूनच तुझा राग येतो.” मग मी खंजीर पुढे केला. त्यांनी तो घेतला, म्यानातून काढला, पातं अंगठ्यावर तपासलं, पुन्हा घातला. भिंतीवर लावला नाही. तूदा आईच्या मांडीवर ठेवला आणि बाहेर गेले.

तिने फडकं मागितलं. मी दिलं. तिने ते न झटकता डोक्याला बांधलं.

दुसऱ्या दिवशी मी निघायला लागलो तर म्हणाले, “बदाम उतरायला आलेत. गावातली सगळी पोरं शहरात. काठी चालवता येते का कोळसाच खोदता येतो?” मी राहिलो. झाडावर काठी मारायची, खाली बायका गोळा करतात, ते बांधावर बसून मला नावं ठेवतात. “फांदी मोडू नकोस! झाडाशी भांडण आहे का तुझं?” एक शब्द गोड नाही. जेवताना ताटातला मोठा तुकडा मात्र माझ्याकडे सरकवलेला असतो, कोणी सरकवला ते कळत नाही. तूदा आई यिद्दिरचं विचारते, रोज थोडं थोडं. तो काय खायचा, कोणावर हसायचा. डोंगर बहिरा होतो ते सांगितलं तर हसली आणि मग उठून आत गेली.

काल दुपारी मी झाडाखाली टेकलो आणि झोपलो. जानेवारीनंतर पहिल्यांदा असा झोपलो. पोत्यासारखा, तोंड उघडं टाकून. जाग आली ती दादा हमूंच्या काठीने. पायाला टोचत होते आणि ओरडत होते, “बेलाईद! ए बेलाईद! ऊठ, आळशा, अर्धी बाग राहिलीय!”

लल्ला, बेलाईद म्हणाले. मला भीती होती कधीतरी चुकून त्याच्या नावाने हाक मारतील आणि मग मी काय करू. त्यांनी मला माझ्याच नावाने शिव्या घातल्या. मी उठलो आणि काठी घेतली.

अर्धी बाग अजून राहिलीय. ती उतरली की येतो.

बेलाईद